हलालची पाटी आणि सकाळचा भात

जुलै महिन्यात तीन दिवसांच्या निवासी प्रशिक्षणासाठी आम्ही चौघे शिक्षक इगतपुरीला गेलो होतो. थळ घाट चढून वर आले की पावसाळ्यात तिथे दिवसाही दिवे लावावे लागतात, आणि खिडकी उघडी राहिली तर धुके सरळ खोलीत शिरते. प्रशिक्षणस्थळीचे जेवण साधे, शाकाहारी, पण ताजे होते. दुसऱ्या रात्री मात्र आमची जीभ चाळवली. इशाची नमाज आटोपून छत्र्या घेऊन निघालो. महामार्गालगत हिरव्या अक्षरांत 'हलाल' लिहिलेली पाटी दिसली आणि मग आम्ही दुसरीकडे पाहिलेही नाही.

आत काय काय दिसत होते, ते आता आठवते. गल्ल्याजवळ मोकळ्या परातीत भाताचा ढीग होता. आचारी त्यातून मूठभर भात उचलून कढईत टाकत होता, दोनदा परतून ताटलीत वाढत होता. वाफ येत होती, वास छान होता. तिघांनी चिकन फ्राइड राइस घेतला. चौथे सहकारी, विज्ञानाचे तरुण शिक्षक, यांनी डाळ आणि तव्यावरची गरम रोटी मागवली. त्यावरून आम्ही त्यांची थट्टाही केली.

बाराच्या सुमारास पहिली उलटी झाली. तासाभरात आम्ही तिघेही आडवे. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ, ज्यांना सारी शाळा चाचा म्हणते, त्यांना मधुमेह आहे. पोटात काही टिकतच नाही तर पाणी कशाला प्यायचे, असे म्हणून त्यांनी पाणी बंद केले. साखरेचे पाणी तर नकोच, शुगर वाढेल, असे आम्हीही म्हणालो. शिकलेसवरलेले लोक आम्ही! पहाटे तीनला चाचा उठले, भोवळ येऊन मोरीच्या दाराशी कोसळले. पायांत गोळे आले होते, ओठ कोरडे पडले होते, हाक मारली तर उत्तर उशिरा येत होते. डाळरोटीवाल्या सरांनी रखवालदाराला उठवून गाडी मिळवली. त्या रात्री तेही फ्राइड राइस खाऊन पडले असते तर काय झाले असते, हा विचार आजही आम्ही पुरा करत नाही.

सरकारी रुग्णालयात डॉक्टर बाईंनी औषधाआधी दोन प्रश्न विचारले, काय खाल्ले आणि किती वाजता. जेवणानंतर एक ते सहा तासांत जोराच्या उलट्या सुरू झाल्या तर बहुधा विष अन्नातच तयार होऊन आलेले असते, असे त्यांनी सांगितले. साल्मोनेलासारख्या जंतूंचा त्रास सहसा उशिरा, सहा तासांपासून ते तीन दिवसांपर्यंत, सुरू होतो. आमच्या बाबतीत त्यांचा पहिला संशय भातावर होता.

तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. भात शिजवल्यावर इतर जंतू मरतात, हे बीजाणू टिकून राहू शकतात. शिजलेला भात तासन्‌तास तसाच बाहेर ठेवला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या आणणारे हे विष इतके चिवट की 121 अंशांच्या उष्णतेलाही दाद देत नाही. म्हणजे आचाऱ्याने कढईखाली कितीही मोठी आच लावली असती तरी उपयोग नव्हता. 'गरम करून खाल्ले की काही होत नाही' ही आमच्या अम्मीपासून चालत आलेली समजूत इथे लागू पडत नाही. अन्न 60 अंशांच्या वर गरम ठेवावे, नाहीतर लवकर गार करून 5 अंशांच्या खाली ठेवावे. मधल्या तापमानात जंतूंची चंगळ असते. फक्त इगतपुरीचा गारवा म्हणजे फ्रीज नव्हे.

चाचांना सलाईन लागले. आम्हा दोघांचे क्षारसंजीवनीवर, म्हणजे ओआरएसवर, भागले. उलटी झाली की दहा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करायचे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नये. मधुमेह असला तरी ओआरएस थांबवायचे नाही, शुगर तपासत राहायची, हे डॉक्टर बाईंनी आम्हाला जरा रागावूनच सांगितले. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-ग्लुकोजचे पाणी पिंपांतून वाटले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

फजरची नमाज चाचांनी पलंगावर पडूनच, इशाऱ्याने अदा केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आणि विज्ञानाचे सर पुन्हा त्या हॉटेलात गेलो. मालक भला माणूस वाटला. चाचांची चौकशी केली, चहा पुढे केला. भात कधी शिजवता, असे विचारले तर म्हणाले, "सकाळी अकराला. रात्रीपर्यंत पुरतो. आजवर कुणाची तक्रार नाही." परात तिथेच होती. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक भिंतीवर कुठे दिसला नाही. जानेवारी 2022 पासून तो बिलावरही हवा. आमच्या बिलावर नव्हता. हे सारे आदल्या रात्रीही असेच होते. आम्ही फक्त एक शब्द वाचला आणि बसलो. कुरआनात 'हलाल'च्या जोडीला 'तय्यब' म्हणजे शुद्ध, चांगले असाही शब्द येतो. तो पाटीवर कोणी लिहीत नाही, आणि आम्हीही कधी शोधला नाही.

आपल्या घरांतली मुले शोरमाच्या गाड्यांवर उभी असतात, म्हणून हेही सांगतो. मे 2022 मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यात शोरमा खाऊन सोळा वर्षांची विद्यार्थिनी दगावली. तपासणीत शिगेला जंतू सापडला. जानेवारी 2023 मध्ये त्या राज्याने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. मे 2024 मध्ये मुंबईत मानखुर्द भागात रस्त्यावरचा चिकन शोरमा खाऊन एकोणीस वर्षांचा तरुण गेला. दोन विक्रेत्यांना अटक झाली. आणि बोट फक्त हॉटेलवाल्यांकडेच का दाखवायचे? रात्रीच्या वलिम्याची देग दुपारीच उतरवून झाकून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे कमी नाही. मोठ्या भांड्यातला दाट रस्सा मधोमध तासन्‌तास कोमट राहतो, आणि मांसाच्या रश्श्यात वाढणारा एक वेगळा जंतू, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, त्याला नेमके हेच मानवते.

परतीच्या गाडीत आमचा वाद झाला तो तक्रारीवरून. अन्न व औषध प्रशासनाचा 1800-222-365 हा निःशुल्क क्रमांक आहे. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात असुरक्षित अन्नाबद्दल शिक्षा आहे, मृत्यू झाल्यास किमान पाच लाखांची भरपाईही आहे. पण चाचा म्हणाले, "आपलाच माणूस आहे. चार पोरांचा बाप. त्याच्या पोटावर पाय देऊ नका." तिसऱ्या सहकाऱ्यानेही मान डोलावली. विज्ञानाचे सर म्हणाले, "त्या परातीतून आज रात्रीही कोणी आपलाच माणूस जेवेल." कसाऱ्यापर्यंत कोणी बोलले नाही.

आम्ही तक्रार लिहिली. शिक्षा व्हावी असे नव्हे, तर तपासणी व्हावी आणि परवाना पाहावा, एवढेच मागितले. आधी मालकाला फोन करून तसे सांगितलेही; ते काही न बोलता फोन ठेवून गेले. अर्जावर दोनच सह्या आहेत. चाचांची तब्येत अल्लाहच्या कृपेने आता ठीक आहे. स्टाफरूममध्ये ते आमच्या शेजारीच बसतात, डबा उघडतात, आम्हाला वाढतात. त्या अर्जाचा विषय मात्र ते काढत नाहीत, आम्हीही काढत नाही.