थंबनेल गेले, म्हणून छायाचित्र गेले नाही

संगणकावरील छायाचित्रांचा फोल्डर उघडावा आणि ओळखीच्या चेहऱ्यांऐवजी सगळीकडे एकाच छापाच्या कोऱ्या चौकटी दिसाव्यात, हा अनुभव अनेकांना कधी ना कधी येतो. लग्न, मुंज, सहली, बाळाचे पहिले पाऊल अशी वर्षानुवर्षांची साठवण एका रात्रीत पुसली गेली की काय, या शंकेने मन धास्तावते. त्या धास्तीत कोणी ‘खराब झालेल्या’ फायली काढून टाकतो, कोणी संगणक फॉरमॅट करून घेतो, तर कोणी गेलेली छायाचित्रे परत मिळवून देणारे सॉफ्टवेअर विकत आणतो. वस्तुतः यांपैकी कशाचीही बहुधा गरज नसते. नाहीसे झालेले असते ते थंबनेल. छायाचित्र जागच्या जागी असते. या दोहोंतील फरक ध्यानात घेतला, तर दुरुस्ती घरच्या घरी, काही मिनिटांत होते.

थंबनेल म्हणजे काय?

थंबनेल या शब्दाचा मूळ अर्थ अंगठ्याचे नख. तेवढ्याच आकाराचे छायाचित्राचे लघुरूप, म्हणून हे नाव. आजच्या कॅमेऱ्याने वा मोबाइलने काढलेले एक छायाचित्र सहज तीन-चार मेगाबाइटचे असते. पाचशे छायाचित्रांचा फोल्डर उघडताना प्रत्येक वेळी त्या सर्व फायली पूर्ण वाचायच्या म्हटले, तर संगणक ताटकळत ठेवील. त्यामुळे विंडोज ही प्रणाली प्रत्येक छायाचित्राची छोटी प्रतिकृती एकदाच तयार करते आणि वेगळ्या ठिकाणी साठवून ठेवते. पुढच्या वेळी आपल्याला दिसते ती ही साठवलेली प्रतिकृती. या साठ्याला संगणकाच्या परिभाषेत ‘कॅशे’ म्हणतात.

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये हा साठा त्या-त्या फोल्डरमध्येच ‘थंब्ज डॉट डीबी’ नावाच्या लपलेल्या फाइलमध्ये राहत असे. २००७ साली घरोघरच्या वापरासाठी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून तो वापरकर्त्याच्या खात्यात एकत्रित ठेवला जाऊ लागला, आणि विंडोज ११ मध्येही तीच पद्धत कायम आहे. ग्रंथालयातील सूचिपत्रांसारखाच हा प्रकार आहे. सूचिपत्रांचा खण हरवला, तरी कपाटातील पुस्तके कपाटातच असतात. सूची पुन्हा तयार करता येते.

पहिली परीक्षा

काहीही करण्यापूर्वी कोऱ्या चौकटीवर डबल-क्लिक करावे. छायाचित्र नीट उघडले, तर मूळ फाइल सुखरूप आहे आणि बिघाड केवळ दर्शनाचा आहे. तीन-चार फायली उघडून ही खात्री करून घ्यावी आणि मगच पुढील उपाय क्रमाने करावेत. एका उपायाने काम झाले, तर पुढच्याला हात लावू नये.

उपाय एक : मांडणी तपासा. फायली ‘लिस्ट’, ‘डिटेल्स’ किंवा ‘स्मॉल आयकॉन्स’ या मांडणीत असतील, तर थंबनेल दिसतच नाहीत. फोल्डरमधील मोकळ्या जागेवर राइट-क्लिक करून ‘व्ह्यू’मधील ‘लार्ज आयकॉन्स’ निवडावे. कंट्रोल कळ दाबून माउसचे चाक फिरवले, तरी आकार बदलतो. चुकून फिरलेले हे चाकच अनेकदा साऱ्या गोंधळाचे मूळ असते.

उपाय दोन : फोल्डरचे पर्याय पाहा. फाइल एक्सप्लोरर उघडावा. विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’ टॅबवर, तर विंडोज ११ मध्ये वरच्या पट्टीतील तीन टिंबांच्या आड ‘ऑप्शन्स’ सापडते. तेथील ‘व्ह्यू’ विभागात ‘ऑल्वेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’ असा पर्याय आहे. या चौकोनात खूण असेल, तर ती काढून ‘अप्लाय’ करावे. संगणकाचा वेग वाढवून देण्याचा दावा करणाऱ्या काही प्रोग्राममुळे अशी खूण आपल्या नकळत पडू शकते.

उपाय तीन : वेगासाठी केलेली काटकसर. जुना संगणक जलद चालावा म्हणून कोणी ‘अ‍ॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ हा पर्याय निवडला असेल, तर त्यासोबत थंबनेलही बंद होतात. शोधपेटीत ‘परफॉर्मन्स’ हा शब्द इंग्रजीत टाइप केल्यावर ‘अ‍ॅडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज’ हे नाव दिसते. ते उघडून ‘शो थंबनेल्स इन्स्टेड ऑफ आयकॉन्स’ यापुढे खूण करावी.

उपाय चार : बिघडलेला साठा रिकामा करा. काही चौकटी कोऱ्या, काही काळ्या, तर काहींवर भलतेच चित्र, असे दिसत असेल, तर साठाच बिघडला आहे असे समजावे. शोधपेटीतून ‘डिस्क क्लीनअप’ उघडून ‘सी’ ड्राइव्ह निवडावा. यादीतील इतर सर्व खुणा काढून केवळ ‘थंबनेल्स’पुढे खूण ठेवावी आणि ‘ओके’ करावे. त्यानंतर फोल्डर पुन्हा उघडला, की विंडोज मूळ छायाचित्रांवरून नव्या प्रतिकृती तयार करू लागते. छायाचित्रे हजारोंनी असतील, तर या कामाला थोडा अवधी द्यावा.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. ‘सेटिंग्ज’मधील ‘स्टोअरेज’खाली ‘टेम्पररी फाइल्स’ची अशीच एक यादी असते. तीत ‘डाउनलोड्स’ हेही नाव येते. त्यापुढे खूण करणे म्हणजे डाउनलोड्स फोल्डरमधील स्वतःच्या फायली पुसून टाकणे होय. मोबाइलवरून वा ई-मेलमधून उतरवलेली छायाचित्रे अनेकांनी तेथेच ठेवलेली असतात. थंबनेल परत आणण्याच्या प्रयत्नात मूळ छायाचित्रे गमावण्याचा धोका आहे तो नेमका येथे.

काहीच फायलींची थंबनेल दिसत नसतील तर

सर्व जुनी छायाचित्रे व्यवस्थित दिसतात, फक्त नव्या मोबाइलची दिसत नाहीत, अशी तक्रार असेल, तर फाइलचा प्रकार तपासावा. अ‍ॅपलने २०१७ साली आयओएस ११ सोबत आयफोनची छायाचित्रे ‘एचईआयसी’ या प्रकारात साठवण्यास प्रारंभ केला. जेपीजी प्रकारापेक्षा ही फाइल कमी जागा घेते, परंतु तिची उकल करणारा घटक संगणकात नसेल, तर विंडोजला तिचे लघुरूप काढता येत नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स’ हा घटक विनामूल्य घेता येतो. त्याच्या जोडीला लागणाऱ्या ‘एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स’साठी मात्र अल्प शुल्क पडते. तो खटाटोप नको असेल, तर आयफोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘कॅमेरा’, त्यात ‘फॉरमॅट्स’ आणि तेथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडावे. पुढील छायाचित्रे जेपीजी प्रकारात निघतील. आधीची मात्र आहेत तशीच राहतील.

मॅक संगणक वापरणाऱ्यांनी फाइंडरच्या ‘व्ह्यू’ मेन्यूतील ‘शो व्ह्यू ऑप्शन्स’ उघडून ‘शो आयकॉन प्रिव्ह्यू’पुढे खूण आहे ना, ते पाहावे. कार्यालयातील संगणकावर थंबनेल मुद्दाम बंद ठेवलेली असू शकतात. तेथे आपण खटपट न करता संगणक विभागालाच विचारणे श्रेयस्कर.

उलट बाजूही तितकीच खरी

थंबनेल नसणे हा जसा छायाचित्र गेल्याचा पुरावा नव्हे, तसेच थंबनेल दिसणे हाही छायाचित्र शाबूत असल्याचा पुरावा नव्हे. डिजिटल कॅमेरे बहुतेक जेपीजी फायलींच्या प्रारंभीच्या भागात १६० बाय १२० बिंदूंचे एक लघुरूप स्वतःच घालून ठेवतात. फाइलचा पुढील भाग खराब झाला, तरी हा भाग वाचू शकतो. परिणामी, चौकटीत हसरा चेहरा दिसतो आणि उघडल्यावर मात्र अर्धे चित्र करडे निघते. म्हणून छायाचित्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवल्यानंतर नुसती नजर फिरवून समाधान मानू नये. अधूनमधून काही छायाचित्रे पूर्ण आकारात उघडून पाहावीत.

पुसून टाकलेल्या छायाचित्राची प्रतिकृतीही साठ्यात मागे राहू शकते. संगणकीय गुन्ह्यांच्या तपासात या साठ्याचा उपयोग होतो तो याच कारणाने. संगणक दुसऱ्यास देताना केवळ फोल्डर रिकामे करणे पुरेसे नाही, हा यातून घ्यावयाचा बोध.

पहिल्याच परीक्षेत छायाचित्र उघडले नाही, किंवा फाइलचा आकार शून्य दिसला, तर मात्र प्रश्न थंबनेलचा राहत नाही. अशा वेळी त्या डिस्कवर किंवा मेमरी कार्डवर नवे काहीही साठवू नये आणि ती फॉरमॅटही करू नये. जेवढे वाचता येईल तेवढे आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे आणि मग जाणकाराकडे जावे. नवी फाइल जुन्या फाइलच्या जागेवर लिहिली गेली, की ती जुनी फाइल परत मिळणे जवळजवळ अशक्य होते.

महत्त्वाच्या छायाचित्रांच्या किमान तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर असावी. ही शिस्त पाळणाऱ्यास कोऱ्या चौकटी दिसल्या, तरी घाबरून चुकीचे बटण दाबण्याची वेळ येत नाही.