मलेरियाची लस पुण्यात बनते, मग आपल्या वस्तीत का नाही?

विहारात वंदना झाल्यावर चार माणसं बसली की हा प्रश्न आम्हाला हमखास ऐकू येतो. ‘लस पुण्याची, आणि जाते आफ्रिकेत. आपल्या पोरांना पुन्हा डावललं का?’ डावललं जाण्याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा, त्यामुळे शंका येणारच. पण इथलं कारण मलेरियाच्या जंतूतच आहे.

गोवर, पोलिओ यांच्या विषाणूंकडे मोजकीच प्रथिनं असतात. मलेरियाचा परजीवी पाच हजारांहून अधिक प्रथिनं बनवू शकतो आणि अंगात रूपं बदलत फिरतो. डास चावला की तो आधी यकृतात शिरतो, तिथे वाढून मग रक्तात उतरतो. दर टप्प्यावर चेहरा वेगळा. मग शरीराला ओळख करून द्यायची ती कुठल्या चेहऱ्याची? 1967 साली रूथ नुसेन्झ्वाइग यांनी न्यूयॉर्कमध्ये क्ष-किरणांनी दुबळे केलेले परजीवी उंदरांना टोचले, तेव्हा उंदरांना संरक्षण मिळालं. तिथून शोध डासाने सोडलेल्या पहिल्या रूपाकडे वळला. त्या रूपाच्या अंगावरच्या एका प्रथिनाचा तुकडा घेऊन दोन लसी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने एकीची शिफारस 2021 मध्ये केली, दुसरीची 2023 मध्ये. दुसरी, आर-21, ऑक्सफर्डने शोधली आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ती बनवते.

मात्र दोन्ही लसी फॅल्सिपेरम मलेरियासाठी आहेत. आफ्रिकेत लहान मुलं दगावतात ती मुख्यतः त्यानेच. आपल्याकडे तो गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आढळतो. मुंबईसारख्या शहरांत व्हायव्हॅक्स जास्त. फॅल्सिपेरम 1976 पासून प्रयोगशाळेत वाढवता येतो, व्हायव्हॅक्स तसा सलग वाढतच नाही, म्हणून त्याच्या लसीचा शोध मागे पडला. शिवाय तो यकृतात झोपून राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतो.

त्या झोपलेल्या जंतूसाठीच प्रायमाक्विनच्या 14 दिवसांच्या गोळ्या असतात. आपल्या घरांत तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि पाकीट फळीवर जातं! गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला ही गोळी देत नाहीत. गोळी चालू असताना लघवी काळसर झाली तर ती थांबवून लगेच दवाखाना गाठा. ताप आला की रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. शहरातला मलेरियाचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. नळ दिवसाआड येतो तिथे पिंप भरावंच लागतं, तो दोष घरातल्या बाईचा नाही. पण पिंपावर घट्ट झाकण किंवा फडकं बांधा आणि आठवड्यातून एकदा ते घासून कोरडं करा.