चिठ्ठीवरचं नाव, आतला नंबर

संगणकाच्या खोक्यावरची चमकती चिठ्ठी कुणीही चिकटवू शकतो. आत चित्रं रंगवणारा भाग, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, नेमकं कोणतं हे ओळखायचं तर संगणकालाच विचारावं.

लिनक्स असेल तर टर्मिनलची काळी चौकट उघडा आणि लहान इंग्रजी अक्षरांत ‘एलएसपीसीआय’ लिहा. मग एक जागा सोडून आडवी रेघ, आणि तिला चिकटून एन, एन, के. एलएस म्हणजे यादी. पीसीआय ही सुटे भाग मदरबोर्डला जोडण्याची पद्धत, इंटेलने १९९२ साली आणलेली. यादी लांबलचक येते, घाबरू नका. ‘व्हीजीए’ शब्द असलेली ओळ शोधा. व्हीजीए हे आयबीएमचं १९८७चं प्रमाण. त्या जुन्या जोडणीची वायर आता क्वचित दिसते, नाव मात्र टिकलं. काही लॅपटॉपांत दोन ग्राफिक्स असतात. तिथे दुसऱ्याच्या ओळीत अनेकदा व्हीजीए नसून ‘थ्रीडी कंट्रोलर’ असं लिहिलेलं असतं.

खरी गंमत पुढे आहे. कार्ड स्वतःचं नाव सांगतच नाही. ते सांगतं दोन क्रमांक, एक कंपनीचा आणि एक मॉडेलचा. इंटेलचा क्रमांक ८०८६, तिच्या १९७८च्या प्रसिद्ध चिपची आठवण. एनव्हिडियाचा १०डीई. एएमडीच्या कार्डांचा १००२. तो मुळात एटीआय कंपनीचा, जी एएमडीने २००६मध्ये विकत घेतली. नाव येतं ते संगणकात ठेवलेल्या एका वहीतून. वही जुनी असेल तर नुसतं ‘डिव्हाइस’ आणि क्रमांक दिसतो. आम्हा शायरांचं उलट: तखल्लुस सगळ्यांना पाठ, रेशनकार्डाचा नंबर कुणाला ठाऊक नाही.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीने ॲनिमेशन शिकायला जुना संगणक घेतला. पैसे आईच्या भिशीचे. एनव्हिडियाचं कार्ड आहे म्हणून विकणाऱ्याने जादा रक्कम लावलेली. आज्ञा दिली, तर ग्राफिक्सची एकच ओळ: सुरुवातीला ००:०२.०, पुढे ८०८६. हा पत्ता इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सचा. वेगळ्या कार्डाचा पत्ता बहुधा ०१ने सुरू होतो. खाचेत नीट न बसलेलं कार्डही यादीत येत नाही, म्हणून झाकण काढून पाहिलं. खाच रिकामी होती. ती ओळ दाखवल्यावर विकणाऱ्याने जादा पैसे मुकाट्याने परत केले.

‘के’मुळे कार्ड कोणत्या ड्रायव्हरवर चालतंय तेही कळतं. एनव्हिडियाच्या ओळीखाली ‘नूव्हो’ दिसलं, तर कंपनीचा नव्हे, मुख्यतः बाहेरच्या लोकांनी लिहिलेला ड्रायव्हर चालू आहे. चित्र दिसतं, पण ॲनिमेशनच्या जड कामाला तो अनेकदा कमी पडतो.

विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून ‘गेट-सिमइन्स्टन्स’ आणि एक जागा सोडून ‘विन३२_व्हिडिओकंट्रोलर’ लिहावं. तिथे ‘व्हेन’ या अक्षरांपुढे तेच कंपनीचे क्रमांक सापडतात. मात्र तिथल्या मेमरीच्या आकड्यावर विसंबू नये. त्या रकान्यात ४ जीबीपेक्षा मोठा आकडा मावतच नाही.

आणि कार्डातल्या छोट्या प्रोग्राममध्ये फेरफार करून जुनं कार्ड नव्या नावाने खपवणारेही आहेत. अशी एनव्हिडियाची बनावट कार्डं ओळखण्याची सोय ‘जीपीयू-झेड’ या विंडोजवरच्या मोफत प्रोग्रामात २०१८पासून आहे. महागडं जुनं कार्ड घेताना पैसे मोजण्याआधी, दुकानातच तो चालवून पाहावा.