आजींचा रस्ता किती सेकंदांचा?

म्हातारपणी पाय थकतात, असे आपण म्हणतो. पण त्यात वस्तीचा वाटा किती, हे घड्याळ आणि मोजपट्टी घेऊन तपासता येते.

चौपदरी रस्ता घेऊ. एका पदराची रुंदी साडेतीन मीटर धरली, तर चार पदरांची १४ मीटर. पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरून सिग्नलची वेळ ठरवण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. या हिशेबाने १२ सेकंद पुरतात. मात्र २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील पाहणीत पासष्टीपुढील पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर भरला. म्हणजे १२ सेकंद संपतात तेव्हा आजी ९.६ मीटरवर, तिसऱ्या पदरातच असतात! अशा रस्त्याला मध्ये थांबण्याजोगा रुंद दुभाजक हवा. सोलापूर–अक्कलकोट मार्गावरील वळसंगसारख्या गावात हा हिशेब एस.टी. गाठताना रोज करावा लागतो. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत झाला, पण बसची पहिली पायरी काही त्यामुळे खाली आली नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. सोलापूरकडे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. उतारवयात घाम कमी येतो, त्वचेकडे रक्त कमी वळते आणि तहानेची जाणीवही मंदावते. त्यामुळे शरीराबाहेर उष्णता टाकणे अवघड जाते. वाटेत सावली आणि टेकायला जागा असेल, तर तीच वाट झेपते. आपला पार या दृष्टीने पाहावा. (कानडीत त्याला कट्टे म्हणतात, या सीमाभागात दोन्ही शब्द कानावर पडतात.) वर झाडाची सावली आणि बैठक गुडघ्याच्या उंचीची असली, की उठताना मांडीच्या स्नायूंवर ताण कमी येतो. ठेंगण्या, पाठ नसलेल्या शोभेच्या बाकांपेक्षा आम्हांला पार उजवा वाटतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली ३३ शहरांतील वृद्धांना विचारून एक मार्गदर्शिका काढली. दिल्ली आणि उदयपूरही त्यांत होती. बाकांइतकेच तिथे स्वच्छतागृहांना महत्त्व आहे. ते जवळ नसेल तर माणूस पाणीच कमी पितो, आणि उन्हाळ्यात हे घातक ठरते. आपल्याकडे याचा जास्त फटका बायकांना बसतो.

शिवाय पार असला म्हणजे तो सर्वांचा असतोच असे नाही. वळसंगच्या दलितांना पाण्यासाठी स्वतःची विहीर खोदावी लागली होती. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या विहिरीवर आले होते. आजही कितीतरी गावांत पारावर आजोबा दिसतात, आजी दिसत नाहीत.

आठवी-नववीच्या मुलांना घर ते दवाखाना ही वाट मोजायला सांगावी. बसण्याची प्रत्येक जागा, दुपारी बाराची सावली आणि पायऱ्यांची उंची नकाशावर मांडावी. आजोबा कुठे थांबतात आणि आजी कुठे, हे त्यांनाच विचारून दोघांचे नकाशे वेगवेगळे काढावेत.