भारी गेम कंट्रोलर आणि दुखणारा अंगठा

डोंगरकड्यात आरोग्याच्या बैठकीला बसलो की मोबाइलच्या खेळांनी दुखणारे अंगठे आमच्यासमोर हमखास येतात. पुण्याला कामाला लागलेली पोरं तर हप्त्यावर प्लेस्टेशन घेतात आणि विचारतात, बटणं सोयीने बदलता येणारा भारी कंट्रोलर घेतला तर हात दुखायचा थांबेल का?

सोनीचा ड्युअलसेन्स एज २०२३ साली भारतात आला तो १८,९९० रुपयांना. साधा त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात येत होता. एजला मागून जादा बटणं आहेत, त्यामुळे अंगठ्याचं थोडं काम बाकीच्या बोटांवर जातं, एवढं खरं. दांडी बिघडली तर तेवढीच बदलता येते. पण चार्जिंग साध्यापेक्षा लवकर उतरतं. आणि दुखणं येतं ते तीच हालचाल तासन्‌तास केल्याने. तास कमी झाले नाहीत तर १९ हजार घालूनही सूज येणारच.

घरीच बघा. अंगठा मुठीत दाबून मूठ करंगळीकडे वाकवा. मनगटाला अंगठ्याच्या बाजूने जोराची कळ आली तर खेळ काही आठवडे बंद, फडक्यात गुंडाळून बर्फ लावा. बोटं बधिर होत असतील तर आरोग्य केंद्रात दाखवा.

मळणीयंत्रात बोटं गेलेल्या तरुणाचा हिशेब मात्र वेगळा. सोनीचा अ‍ॅक्सेस कंट्रोलर टेबलावर ठेवून एका हाताने, तळव्यानेही चालवता येतो; मायक्रोसॉफ्टने अपंगांसाठी कंट्रोलर २०१८ सालीच काढला. त्यासाठी एखाद्या घराने पैसे साठवले तर आम्ही त्याला चैन म्हणणार नाही. फक्त आधी कुणाकडचा मिळाला तर त्याच्या हाताखाली ठेवून बघा.