मदतनीस म्हणून लागताना

मैत्रिणींनो, अंगणवाडीत किंवा कल्याण-डोंबिवलीच्या पाळणाघरात मदतनीस म्हणून लागायचं म्हटलं की घरचे विचारतात, "झाडू मारायलाच ना?" झाडू आहेच, खाऊही आहे. पण शिकायचं ते पोरांजवळ बसून.

पहिल्या आठवड्यात एखादं पोर दारातच भोकांड पसरतं. आपण त्याला उचलून आत नेतो नि दार लावतो. तसं नको. आईला दोन-चार दिवस थोडा वेळ बसू द्या. निघताना तिनं सांगून निघावं. गुपचूप सटकली की पोर दुसऱ्या दिवशी पदर सोडत नाही. आणि संध्याकाळी लोकल उशिरा म्हणून शेजारीण मूल न्यायला आली, तर आईला फोन केल्याशिवाय देऊ नका. ओळखीची असली तरी.

हे काम आपल्याच भागात वाढलं. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा बोर्डी ठाणे जिल्ह्यातच होती. हाताशी अनुताई वाघ. वस्तीतली मुलं येईनात, तेव्हा या बाया त्यांच्या अंगणात गेल्या. आधी आंघोळ, नखं, मग गाणी-गोष्टी. अंगणवाडी ती हीच.

अंगणवाडीत मदतनीस व्हायला आता बारावी पास आणि तिथलीच रहिवासी असावं लागतं. जागांची चौकशी बालविकास प्रकल्प कार्यालयात करा. रुजू झालात की वजनकाटा लावणं, नोंदी भरणं सेविकाताईंकडून शिकून घ्या. पुढे सेविकेची जागा रिकामी झाली, तर आम्हाला वाटतं, तुमचं नाव आधी निघावं.