तीन काटे आणि दहा हजार फूट

२८ एप्रिल १९५८. ब्रिटिश युरोपियन एअरवेजचे व्हायकाउंट विमान लंडनहून स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला निघाले होते. प्रवासी नव्हते, फक्त पाच कर्मचारी. उतरताना आपण १४,५०० फुटांवर आहोत, अशी कॅप्टनची समजूत झाली. विमान होते ४,५०० फुटांवर. ते जमिनीवर आदळले. पाचही जण वाचले, हे नशीबच.

चूक झाली ती अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक वाचण्यात. त्याच्या तबकडीवर ० ते ९ आकडे आणि तीन काटे. लांब काट्याचा एक फेरा १,००० फुटांचा, आखूड काट्याचा १०,००० फुटांचा, तर सर्वांत लहान काट्याचा १,००,००० फुटांचा. उंची ४,५०० फूट असली की लांब काटा ५ वर आणि आखूड काटा ४ व ५ च्या मधोमध. १४,५०० फुटांवरही हे दोन्ही काटे नेमके तिथेच! सरकतो तो फक्त सर्वांत लहान काटा, तोही एकच घर. सर्वांत मोठा फरक सांगण्याचे काम सर्वांत लहान काट्याकडे होते.

हा धोका आधीच सिद्ध झाला होता. अमेरिकेत ओहायोतल्या राइट फील्ड इथे पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी १९४७ मध्ये उपकरणे वाचताना झालेल्या चुकांचे २७० अनुभव तपासले. तिथल्याच वॉल्टर ग्रेथर यांनी निरनिराळ्या तबकड्या वैमानिकांकडून वाचून घेतल्या आणि १९४९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन काटे वाचायला सुमारे सात सेकंद लागत आणि सुमारे १२ टक्के वेळा हजार फूट किंवा त्याहून मोठी चूक होई. उंची थेट आकड्यांत दाखवली की दोन सेकंदही पुरत आणि चुका एक टक्क्याच्याही खाली येत.

काटे दिसत सगळ्यांनाच होते. पण तीन वाचने करून त्यांची बेरीज मनात करायची, तीही उतरण्याच्या गडबडीत. अशा वेळी मन आधीच्या समजुतीवर विसंबते आणि ही तबकडी ती समजूत मोडत नव्हती. १९५८ मध्येच, २४ डिसेंबरला, इंग्लंडमध्ये चाचणी उड्डाणावरचे ब्रिटानिया विमान अशाच गफलतीने धुक्यात कोसळले. नऊ जण गेले.

मग निव्वळ आकडेच का नकोत? उंची किती झपाट्याने घटते आहे, हे पळत्या आकड्यांपेक्षा फिरत्या काट्यावरून चटकन कळते. म्हणून पुढच्या अल्टिमीटरांत दोन्हींची सांगड घातली गेली: हजार आकड्यांत, शेकडे एका काट्यावर.

वैमानिकाची चूक, एवढे लिहून फाइल बंद करणे सोपे असते. पण कसलेली माणसे एकाच जागी पुन्हा पुन्हा चुकत असतील, तर आधी त्यांच्यासमोरची तबकडी बदलायला हवी.